मंत्री कोण? अंदाज आणि आकडा

सरकार नवे आले की ठाणे जिल्ह्यातल्या भातसानगरच्या चहाच्या टपरीवरही मंत्रिमंडळ बनते. डिसेंबर 2024 मध्ये महाराष्ट्रात टीव्हीवरचे पंडित रोज नवी यादी वाचत होते. खरी अडचण गणिताची. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्री विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून जास्त नकोत. 288 आमदारांमागे 43, मुख्यमंत्री धरून. त्यात सत्तेतले तीन पक्ष, विभाग, जात, नाराजी! 15 डिसेंबरला नागपुरात 39 जणांचा शपथविधी झाला. त्यात ज्येष्ठ नेते छगन भुजबळांचे नाव नव्हते. ते मंत्रिमंडळात मे 2025 मध्ये आले. ठाणे जिल्ह्याला उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याखेरीज गणेश नाईक, प्रताप सरनाईक हे मंत्री मिळाले. याच जिल्ह्यातले मुरबाडचे किसन कथोरे आणि शहापूरचे दौलत दरोडा मात्र आमदारच राहिले.