आलास. आलास? आलास!

आई म्हणते, ‘आलास’. पुढे टिंब द्या, शब्द रोजचा होतो: आलास, हातपाय धू, जेवायला बस. प्रश्नचिन्ह द्या, की आई स्वयंपाकघरात असते आणि तिला नुसता कडीचा आवाज आलेला असतो. उद्गारचिन्ह दिलं, तर मुलगा दोन वर्षांनी घरी आलाय. अक्षरं तीनच, तीच. घर मात्र दर वेळी वेगळं दिसतं.

इंग्रजीत प्रश्न विचारताना बहुतेकदा शब्दांचा क्रम बदलतो, त्यामुळे वाक्याच्या तोंडाशीच सुगावा लागतो. मराठीत तसं नाही. ‘तू उद्या पहाटेच्या गाडीनं आईला घेऊन येणार आहेस’ हे विधान आहे की प्रश्न? बोलताना ‘आहेस’वर सूर चढतो आणि उलगडा होतो. कागदावर तो चढ दाखवायला एकच खूण, तीही सगळं वाचून झाल्यावर. स्पॅनिश भाषेलाही हीच अडचण होती. तिथल्या अकादमीनं १७५४ मध्ये प्रश्नाच्या आरंभीही उलटं प्रश्नचिन्ह घालायचा नियम केला. मराठी वाचक मात्र शेवटापर्यंत धीर धरतो.

आणि एके काळी तर शेवटीही काही नसायचं. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं तिला टांगत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, वाक्यांमध्ये टिंब नाही. पोथीतल्या ओवीला दंड मिळायचे, गद्याला तेवढंही नाही. वाचणारा तरायचा तो क्रियापदावर: ‘केले’, ‘आहे’, ‘जाणिजे’ आलं की वाक्य संपलं. गंमत म्हणजे पत्राचा शेवट मात्र जिवापाड जपला जाई. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटायची, म्हणजे तिच्याखाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. पत्राला शिक्का होता, वाक्याला नव्हता.

वाक्याची ती सोय मेजर थॉमस कँडी यांनी लावून दिली. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे तेच हे कँडी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० चं. शेजारच्या हिंदीनं पूर्णविरामासाठी उभा दंड राखला, आपण टिंब घेतलं. इतकी अलीकडची ही खूण, आणि आज तिच्याशिवाय वाचताना धाप लागते!

निवड चुकते ती बहुधा ‘काय’, ‘किती’, ‘कधी’ या शब्दांपाशी. ते दिसले की हात आपोआप प्रश्नचिन्हाकडे जातो. पण ‘काय पाऊस पडला काल!’ यात कुणी काही विचारत नाही. ‘तो कधी येईल ते मला ठाऊक नाही.’ इथेही टिंबच हवं, कारण आतला प्रश्न बाहेरच्या विधानानं पोटात घेतलाय. चिन्ह शब्दाला नसतं, ते अख्ख्या वाक्याच्या सुराला असतं.

जुन्या पत्रांची अखेर ‘बहुत काय लिहिणे’ अशी होई. रूप प्रश्नाचं, पण उत्तराची अपेक्षा नाही. आज छापताना त्यापुढे काय द्याल? मोठ्यानं म्हणून बघा. सूर वर गेला तर प्रश्नचिन्ह द्या, खाली आला तर टिंब. माझा खाली येतो.