गर्भवतीने धावावे काय?

२०१४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे त्या देशाच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धा चालू होत्या. आठशे मीटरच्या प्राथमिक फेरीत ॲलिशिया मोंटॅन्यो ही धावपटू उतरली, तेव्हा तिच्या गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा चालू होता. तिने ते अंतर २ मिनिटे ३२ सेकंदांत पुरे केले. स्वतःच्या सर्वोत्तम वेळेहून सुमारे ३५ सेकंद अधिक घेऊन ती सर्वांच्या शेवटी पोहोचली आणि प्रेक्षकांनी उभे राहून तिला टाळ्या दिल्या. नाके मुरडणारेही निघालेच. वस्तुतः ती आपल्या डॉक्टरांचा व सुईणींचा सल्ला घेऊन धावली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली.

नाके मुरडणाऱ्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही, कारण एके काळी वैद्यकशास्त्रही त्यांच्याच बाजूचे होते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने १९८५ मध्ये असा दंडक घातला की, गर्भवतीची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ नये आणि जोराचा व्यायाम एका वेळी १५ मिनिटांपलीकडे होऊ नये. पुरावा तोकडा असताना केवळ सावधगिरी म्हणून आखलेली ही रेघ होती. १९९४ मध्ये त्याच संस्थेने ती पुसून टाकली. आज ती संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघीही निरोगी गर्भवतीला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवितात, आणि जिला पूर्वीपासून धावण्याची सवय आहे तिने ती सोडण्याचे कारण नाही, असे मानतात. रेघ पुसली गेली, तरी १४० चा आकडा मात्र व्यायामशाळांतून आणि घराघरांतून अजून मुक्काम ठोकून आहे.

गर्भारपणात शरीरात काय घडते हे पाहिले, म्हणजे त्या आकड्याचा फोलपणा कळतो. या काळात रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते आणि स्वस्थ बसलेल्या स्त्रीची नाडीही मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी जलद होते. मग सर्वांना एकच आकडा कसा लागू पडावा? त्यापेक्षा साधी कसोटी बरी: धावता धावता शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा. सांध्यांचे बंध सैल पडतात, पोट पुढे येते, तोल बदलतो. म्हणून खाचखळग्यांचा रस्ता टाळावा आणि सातव्या-आठव्या महिन्यात धावण्याचे चालणे झाले तर त्यात कमीपणा मानू नये. आपल्या हवेत तर उन्हाची धास्ती अधिक खरी. पहिल्या तीन महिन्यांत शरीराचे तापमान फार वाढणे गर्भाच्या मज्जासंस्थेला अपायकारक ठरू शकते. तेव्हा धावायचे ते पहाटे, आणि पाणी पिऊन. जिने आयुष्यात कधी धावण्याचे नाव काढले नाही, तिने याच काळात आरंभ करण्याचा हट्ट धरू नये. तिला चालणे पुरेसे आहे.

भीती हवी, परंतु ती योग्य ठिकाणी. वार खाली असेल, गर्भाशयाचे तोंड सैल असेल, रक्तदाब चढत असेल, हृदयविकार असेल, अकाली कळांचा धोका असेल, तर धावणे वर्ज्यच. अंगावर रक्त दिसले, गर्भजल झिरपले, चक्कर आली, छातीत अथवा पोटरीत दुखू लागले, तर त्याच क्षणी थांबून डॉक्टर गाठावा. निरोगी स्त्रीला माफक व्यायामाने गर्भपात होतो या समजुतीला मात्र अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. उलट गर्भारपणातील मधुमेह अशा व्यायामाने टळण्यास मदत होते.

आपल्याकडची गंमत निराळीच आहे. शहरातली सून पायांत बूट घालून मैदानाकडे निघाली की घरातील वडीलधारी माणसे धसका घेतात. आणि बीडहून ऊसतोडीला गेलेली पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा कोणाच्याही काळजात चर्र होत नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’; उचल आधीच घेतलेली; खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. जड ओझी वारंवार उचलण्याचा आणि अकाली प्रसूतीचा संबंध अभ्यासांतून दिसलेला आहे. शरीराला झेपेल तेवढे धावून दमल्यावर थांबणे निराळे आणि थांबण्याची मुभाच नसणे निराळे. आपली काळजी पहिलीवरच सगळी खर्च होते.

त्यातच २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. परदेशी पुस्तकांतील सल्ला तसाच्या तसा उचलण्याआधी हे ध्यानी घ्यावयास हवे, कारण रक्तक्षय तीव्र असेल तर धावणेच काय, जिना चढणेही जड जाते. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांतून गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहून घेतले जाते. त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारावयास काय हरकत आहे? दिवसभरात किती चालता-धावता, आणि किती ओझे उचलता? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बहुतेकींना परवानगी मिळेल. दुसऱ्याच्या उत्तरावर डॉक्टरने चिठ्ठी लिहून द्यावी, आणि ती मुकादमाने मानलीच पाहिजे अशी तजवीज सरकारने करावी.