बाटली क्रमांक ५३-एन

परळला केईएमच्या शेजारी हाफकिन संस्थेचं आवार आहे. आतली जुनी, भव्य इमारत म्हणजे एके काळचा गव्हर्नरसाहेबांचा बंगला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या या बंगल्यात आली आणि इथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

त्यातलीच एक ५३-एन. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. आठवड्याभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. उरलेले ८८ ठणठणीत. पाहिलं तर एकोणीसही जणांना लस एकाच बाटलीतून मिळालेली!

मला थक्क करते ती ही गोष्ट. संगणक नाही, बारकोड नाही. पण बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती. तेवढ्यावर संशय एका बुचापर्यंत येऊन पोचला.

तरी सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांचं पद गेलं. पुढे शास्त्रज्ञांनी कागदपत्रं तपासली. बूच काढण्याचा चिमटा मुलकोवालात जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत धरून निर्जंतुक केला गेला नव्हता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. शिवाय ते बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत राहिले असते, तर बूच निघताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरियावाले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. उशीरच झाला म्हणायचा.

आज लसीच्या बाटलीला रबरी बूच असतं, पण धोक्याची वेळ तीच: बाटली उघडल्यानंतरची. म्हणून सिस्टर बाटलीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहितात. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची लस द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. बाहेर रांग असो वा नसो. वॉर्डातही लेबल तीनदा वाचायचा शिरस्ता आहे: कपाटातून औषध काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रुग्णाला देण्यापूर्वी.

पण लेबलच खोटं असेल तर? १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात हेच घडलं. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करायला रुग्णांना ग्लिसरॉल पाजलं जायचं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं. तेही रंगहीन, दाट आणि गोडसरच. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण गेले. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाने पुरवठादारांपासून अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत साऱ्यांची झाडाझडती घेतली. सिस्टरने ती बाटली शंभरदा वाचली असती, तरी आतलं विष तिला दिसलं नसतं. ते काम प्रयोगशाळेचं आणि औषध निरीक्षकाचं.

बॅच नंबर पहिला मृत्यू टाळत नाही, हे मान्य करायला हवं. दुर्घटना घडल्यावर तो मागचा माग काढतो आणि तोच माल इतरांच्या पोटात जाण्यापासून थांबवतो; तेही कुणीतरी तो केसपेपरवर उतरवला असेल तरच. ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की औषध कोणाचं, कोणत्या बॅचचं, कधी संपणार हे समोर येतं. ५३-एनचाच हा नातू.

तेव्हा लस घेतलीत की कार्डावर बॅच नंबर लिहिलाय का ते पाहा, नसेल तर सिस्टरना लिहायला सांगा. गोळ्यांची स्ट्रिप कापताना ज्या टोकाला बॅच आणि एक्स्पायरी छापलेली असते, ते टोक शेवटपर्यंत ठेवा. औषधाने काही विपरीत झालं, तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही स्वतः कळवता येतं.