पाठीवरच्या पंपाची तपासणी

ऑगस्ट सरता सरता यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते आणि सकाळपासून वावरावावरातून पॉवर पंपांचा घर्रघर्र आवाज सुरू होतो. त्यानंतरच्या आठवड्यांत सरकारी दवाखान्यांच्या अपघात विभागात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. डोळ्यांपुढे धुरकट दिसते, तोंडाला लाळ सुटते, अंगाला दरदरून घाम येतो, पोटात कळा येतात. यांपैकी कोणीही विष प्यायलेले नसते. दिवसभर शेतात ‘औषध मारून’ ते घरी आलेले असतात.

‘औषध’ हा शब्दच इथे घात करतो. माणूस औषधाला भीत नाही. ते हाताला लागले तर धोतराला पुसतो, आणि तोंडावर उडाले तर बाहीने टिपतो. डब्यावरच्या त्रिकोणात मात्र विषाची खूण छापलेली असते.

२०१७ ने दिलेला धडा

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्या दिवसांत अशा रुग्णांनी भरून गेले होते. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसच्या बंदीचा आदेश काढला.

त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी पसरली होती, त्यामुळे फवारण्या वाढल्या. पऱ्हाटी बऱ्याच ठिकाणी पुरुषभर उंच झाली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारावे लागे आणि तुषार तोंडावर पडत. दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळली जात. हवा दमट आणि उकाड्याची होती. चर्चा मुख्यतः कीटकनाशकांची झाली आणि ती रास्तच होती. पण ते विष माणसाच्या अंगावर नेमके कोणत्या वाटेने आले, हा प्रश्न यंत्राचाही आहे. तो आजही प्रत्येक वावरात आहे.

पंप बदलला की हिशेब बदलतो

हाताने दांडा मारायच्या पाठीवरच्या पंपाने कपाशीला एकरी साधारण २०० लिटर पाणी लागते. पॉवर पंपाचा पंखा जोराची हवा सोडतो आणि द्रावणाचे बारीक धुके करतो, म्हणून तेच काम साधारण एक तृतीयांश पाण्यात होते. एकरी लागणारे कीटकनाशक मात्र तेवढेच राहते. समजा, एकरी ४०० मिलिलिटर मात्रा आहे. हातपंपात ती लिटरला २ मिलिलिटर पडते, पॉवर पंपात लिटरला ६. म्हणजे पॉवर पंप पाठीवर घेणारा माणूस तिप्पट तीव्र द्रावण वागवत असतो. ते गळाले तर तिप्पट विष गळते, आणि पॉवर पंपाची मात्रा चुकून हातपंपात टाकली तर पिकालाही तिप्पट विष जाते. म्हणूनच बाटलीच्या टोपणाने अंदाजे मोजण्याची सवय घातक आहे. मोजमापाचा खुणा केलेला पेला वेगळा ठेवावा आणि तो घरातल्या कोणत्याही कामाला वापरू नये.

दुसरा फरक थेंबाच्या आकारात आहे. थेंबाचा व्यास निम्मा झाला की एका थेंबाचे आठ थेंब होतात. चारशे मायक्रॉनच्या एका थेंबातून शंभर मायक्रॉनचे चौसष्ट थेंब तयार होतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बारीक थेंब पानावर चांगले पसरतात, पण लवकर खाली बसत नाहीत. शंभर मायक्रॉनच्या थेंबाला मीटरभर खाली यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी दहा किलोमीटरचा वारा त्याला आठ-दहा मीटर दूर नेतो. तिथे शेजारच्या तासात निंदण करणाऱ्या बाया असतील, तर तो थेंब त्यांच्या अंगावर बसतो.

कातडी सगळीकडे सारखी नसते

विष नाकातोंडातूनच जाते असा समज आहे. फवारणीत सर्वांत मोठी वाट कातडीची असते, आणि कातडी सगळीकडे सारखी शोषत नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकावर माणसांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे दिसले की हाताच्या कोपराखालच्या भागाच्या तुलनेत कपाळाची त्वचा सुमारे चौपट आणि वृषणावरची त्वचा सुमारे बारापट विष शोषते. घामाने भिजलेली, गरम, खरचटलेली त्वचा आणखी जास्त शोषते.

आता पाठीवरच्या पंपाचे झाकण गळते आहे असे समजा. द्रावण मानेवरून पाठीवर, पाठीवरून कमरेत आणि तिथून जांघेत उतरते. सदरा व चड्डी भिजतात आणि ते भिजलेले कापड पाच-सहा तास त्याच नाजूक कातडीला चिकटून राहते. नाकाला रुमाल बांधलेला असूनही माणूस संध्याकाळी का कोसळतो, याचे हे एक साधे उत्तर आहे. शिवाय रुमाल वाफ अडवत नाही, आणि ओला झाला की तोच विष नाकाशी धरून ठेवतो. वाफेसाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो.

फवारणीआधी काय तपासावे

पंपाची देखभाल म्हटले की इंजिनाकडे लक्ष जाते. माणसाचा जीव बहुतेक वेळा रबरी वायसरवर अवलंबून असतो. कीटकनाशकातील तेलकट द्रावकांमुळे रबर फुगते, नंतर कडक होऊन चिरते. म्हणून झाकणाचा वायसर, टाकी आणि नळीचा जोड, ट्रिगर आणि दांड्याचा जोड हे चारही ठिकाणचे वायसर हंगामाच्या सुरुवातीला पाहावेत आणि चिरलेले बदलावेत. नळीवर चिंध्या किंवा सुतळी बांधून काम भागवू नये. पॉवर पंपाच्या टाकीत पंख्याची हवा दाब देत असते, त्यामुळे तिथले सैल झाकण नुसते गळत नाही, मानेवर शिंतोडे उडवते. झाकण उघडण्याआधी इंजिन बंद करावे. पेट्रोलही इंजिन बंद करून, थंड होऊ देऊनच भरावे.

नोझलचे भोक झिजून मोठे होते. नव्या नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडते ते एकदा मोजून लिहून ठेवावे. झिजल्यावर ते दहा टक्क्यांहून जास्त पडू लागले की नोझल बदलावे. नोझलमध्ये कचरा अडकला तर ते काढून पाण्याखाली जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावे. तोंड लावून फुंकर मारणे म्हणजे विष ओठावर घेणे होय, आणि ही सवय अजूनही सर्रास दिसते. द्रावण टाकीत गाळूनच ओतले तर नोझल अडकण्याचे प्रमाणच कमी होते.

संध्याकाळी पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि प्रत्येक वेळी थोडे पाणी नळीतून व नोझलमधून सोडावे. हे पाणी फवारलेल्या वावरातच टाकावे. विहीर, नाला किंवा जनावरांच्या हौदाजवळ नव्हे. रिकामी बाटलीही तीनदा विसळून, भोक पाडून निकामी करावी. तिच्यात तेल किंवा पाणी भरून ठेवले, तर पुढचा रुग्ण घरातले लेकरू असते.

मिसळताना आणि चालताना

टाकीतले द्रावण पातळ असते, बाटलीतले विष निखळ असते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग त्या निखळ विषाचा धोका सांगतो. लाल सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे नव्हे. म्हणून दिवसातला सर्वांत जोखमीचा क्षण मिसळण्याचा असतो, आणि नेमके ते काम अनेकदा उघड्या हाताने, काडीऐवजी हातानेच ढवळून होते. मिसळताना रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कापडी हातमोजे नसलेलेच बरे. ते भिजतात आणि विष हाताशी धरून ठेवतात.

पूर्ण संरक्षक पोशाख ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर घालून राहणे कठीण जाते, हे खरे आहे. मग निदान इतके करावे: पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, बूट, डोक्याला टोपी, आणि पंप व पाठ यांमध्ये जाड प्लास्टिकचा तुकडा, जो कमरेच्या खालपर्यंत येईल. फवारणी सकाळी लवकर किंवा दुपार ढळल्यावर करावी. भर दुपारी तापलेली हवा वर चढते आणि बारीक धुके सोबत उचलते.

वाऱ्याची दिशा पाहून चालण्याचा नियम सोपा आहे. वारा ज्या धुऱ्याकडे जातो त्या धुऱ्यापासून सुरुवात करावी, वाऱ्याला आडवे चालावे आणि तासागणिक वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे. मग धुके आपल्यापासून दूर जाते आणि आपण नेहमी न फवारलेल्या कोरड्या पऱ्हाटीतून चालतो. पीक छातीच्या वर गेले असेल तर नळी वर धरून फवारणी करू नये.

त्रास सुरू झाला तर

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातले कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. नसांकडून स्नायूंना व ग्रंथींना मिळणारा संदेश मग थांबतच नाही. म्हणून लाळ, घाम, जुलाब आणि उलट्या होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखा घरघराट होतो आणि स्नायू फडफडतात. ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखी वाटू शकतात, पण ऊन लागलेल्याच्या बाहुल्या अशा बारीक होत नाहीत.

पहिले काम म्हणजे काम थांबवणे. कपडे काढून अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे, केस आणि नखांखालीही. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी ओतावे. दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. मग १०८ ला फोन करावा आणि जे फवारले त्याची बाटली किंवा निदान लेबल सोबत आणावे.

ही बाटली महत्त्वाची असते. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही औषधे आहेत. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडवर असा नेमका उतारा नाही. तिथे श्वास, रक्तदाब आणि झटके सांभाळावे लागतात. टाकीत तीन रसायने मिसळलेली असतील आणि नावे ठाऊक नसतील, तर डॉक्टरांना लक्षणांवरून चाचपडत जावे लागते.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी ध्यानात ठेवावी. ॲट्रोपिनने रुग्ण पहिल्या दिवशी बरा दिसू लागतो आणि घरी नेण्याचा आग्रह सुरू होतो. पण काहींमध्ये एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडणे असा दुसरा टप्पा येतो. त्या वेळी कृत्रिम श्वासयंत्र जवळ नसेल तर जीव जातो. डॉक्टर सांगेपर्यंत दवाखाना सोडू नये. घरी गेल्यावरही काही आठवडे फवारणीला जाऊ नये, कारण विकर पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

पंप मालकाचा, पाठ मजुराची

बरेचदा पंप शेतमालकाचा असतो आणि तो वाहणारा सालगडी किंवा रोजंदारीचा मजूर असतो. गळका पंप हाती आला तर ‘हा घेत नाही’ म्हणणे त्याला परवडत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून पंप तपासणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि कृषी केंद्रातून बाटली घेतानाच वायसर, नोझल आणि हातमोजे घेणे हा त्याच खर्चाचा भाग समजावा.

तपासणीला फार काही लागत नाही. हंगामातल्या प्रत्येक सकाळी, बाटलीचे झाकण उघडण्याआधी, पंपात नुसते स्वच्छ पाणी भरावे आणि तो पाठीवर घेऊन पाच मिनिटे चालवावा. मग खाली उतरवून सदऱ्याच्या पाठीवर हात फिरवावा. सदरा ओला लागला, तर त्या दिवशी त्या पंपात औषध भरू नये.