खुराड्यातली एक कोंबडी कमी झाली तर

(घरी चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात एखादी कोंबडी अचानक मरते. अशा वेळी काय करावे, काय करू नये आणि उरलेल्या कोंबड्यांची काळजी कशी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मित्रांनो, पुणे हे मोठे शहर आहे. येथे उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत. तरीही एखाद्या जुन्या वाड्यामागे किंवा बैठ्या घराच्या अंगणात आजही चार-सहा कोंबड्या दाणे टिपताना दिसतात. तुमच्यापैकी काहींच्या घरीही कोंबड्या असतील. त्यांना तुम्ही नावे ठेवली असतील. त्यांची अंडी घरात खाल्ली जातात. उरलेली अंडी शेजारी विकली, तर आईच्या हाती चार पैसेही येतात.

समजा, तुमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. काल संध्याकाळी सहाही खुराड्यात गेल्या होत्या. आज सकाळी दार उघडले, तर पाचच बाहेर आल्या. सहावी आत मरून पडली आहे. अशा वेळी तुम्हाला वाईट वाटेल, रडू येईल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रोज हाताने दाणे घातलेला पक्षी गेला, तर दुःख होणारच. घरातील कोणी "एक कोंबडी तर होती!" असे म्हणाले, तरी त्यांचा राग मानू नका. पण त्याच वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेलेली कोंबडी परत येत नाही. ती का मेली हे कळले, तर उरलेल्या पाच वाचू शकतात.

आधी पाहा, मग हात लावा

सर्वांत प्रथम उरलेल्या कोंबड्यांना खुराड्यापासून दूर, पण बंदिस्त जागी ठेवा. मग मेलेली कोंबडी कशी पडली आहे, ते नीट पाहा. अंगावर जखम आहे का? पिसे विखुरली आहेत का? जाळी फाटली आहे का, दाराची कडी उघडी आहे का? मान किंवा डोके कुरतडलेले असेल, तर रात्री मांजर, मुंगूस किंवा घूस आत शिरली असावी. पुण्यात टेकड्या, ओढे आणि कालवा जवळ असलेल्या वस्त्यांत मुंगूस नेहमी दिसते. मुंगसाला आत शिरायला अगदी लहान फट पुरते.

अंगावर जखम नसेल, तर इतर कारणांचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढेच तिच्या हाती असते. पत्र्याखालच्या बंद खुराड्यात ती उष्णतेने मरू शकते. कधी कधी अंडे पोटात अडकते. कधी उंदरांसाठी ठेवलेले विष तिच्या पोटात जाते. तिचे वय झाले असेल, तर तेही कारण असू शकते. कोंबड्या साधारणपणे पाच ते आठ वर्षे जगतात.

"कालपर्यंत तर ती चांगली होती," असे आपण म्हणतो. पण कोंबडी आपला आजार लपवते. अशक्त पक्ष्यावर शिकारी प्राणी आधी झडप घालतात. म्हणून आजारी कोंबडीही शक्य तितका वेळ इतरांबरोबर दाणे टिपत असल्यासारखी वागते. तिचा आजार आपल्या नजरेस पडतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मानमोडी आणि बर्ड फ्लू

कोंबड्यांचा एक अतिशय घातक रोग म्हणजे राणीखेत. १९२६ च्या सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात तो ओळखला गेला. त्यानंतर लवकरच भारतात हिमालयाच्या कुशीतील राणीखेत येथे तो आढळला. त्या गावाचे नावच रोगाला मिळाले. आपल्याकडे खेड्यांत त्याला मानमोडी म्हणतात, कारण या रोगात कोंबडीची मान वाकडी होते. तिला हिरवट, पातळ विष्ठा होते. श्वास घेताना ती तोंड उघडते. पाय किंवा पंख लुळा पडतो. हा रोग विषाणूमुळे होतो, त्यामुळे त्यावर औषध नाही. मात्र लस आहे. पिल्लू साधारण एक आठवड्याचे झाले, की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. पुढील लस पशुवैद्य सांगतील त्या वयात टोचून घ्यावी. अशा लसी पुण्यातच औंध येथील सरकारी संस्थेत तयार होतात. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांपुरती लस असते आणि बाटली उघडल्यावर ती थोड्याच वेळात संपवावी लागते. म्हणून गल्लीतील कोंबड्या पाळणाऱ्यांनी एकत्र येऊन एकाच दिवशी लस द्यावी. खर्चही कमी होतो आणि सर्वांचे पक्षी सुरक्षित राहतात.

दुसरा रोग बर्ड फ्लू. भारतात कोंबड्यांमध्ये तो प्रथम आढळला, तो आपल्याच राज्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाने कोंबड्या मेल्या. रोग पसरू नये म्हणून त्या भागातील लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. त्यांचे नमुने तपासल्यावर बर्ड फ्लूच निघाला. या रोगाची अंतिम तपासणी भोपाळ येथील प्रयोगशाळेत होते. यात कोंबडीचा तुरा जांभळा पडतो, डोके सुजते आणि थोड्याच वेळात बरेच पक्षी मरतात. क्वचित माणसालाही हा रोग होऊ शकतो.

यावरून घाबरून जाऊ नका. एकच कोंबडी मेली आणि बाकीच्या दाणे टिपत आहेत, तर बहुधा कारण साधे असते. पण एक-दोन दिवसांत दुसरी मेली, किंवा जवळपास कावळे मरून पडलेले दिसले, तर क्षणभरही थांबू नका. कशालाही हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. काही लोक भीतीने ही गोष्ट लपवतात. त्यामुळे रोग शेजारच्या खुराड्यात जातो आणि नुकसान अनेक पटींनी वाढते.

मेलेल्या कोंबडीचे काय करावे?

मेलेली कोंबडी कधीही खाऊ नये आणि कुत्र्या-मांजरालाही घालू नये. तिला उघड्या हाताने उचलू नये. नाका-तोंडावर रुमाल बांधून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून मोठ्या माणसांनीच तिला उचलावे. नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. कारण समजले नाही, तर दवाखान्यात विचारावे. मृत पक्ष्याचे शवविच्छेदन केल्यावर पुष्कळदा खरे कारण कळते. औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळाही आहे. तपासणीसाठी पक्षी न्यायचा असेल, तर दोन पिशव्यांत बांधून बर्फासोबत ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. घरातील फ्रिजमध्ये, अन्नाजवळ तो मुळीच ठेवू नये.

तपासणी करायची नसेल, तर विहिरीपासून दूर सुमारे तीन फूट खोल खड्डा करून वर चुना टाकून तिला पुरावे. अंगण नसेल, तर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. नदीत, कालव्यात किंवा कचराकुंडीत तिला टाकू नये. तेथून कुत्रे, घारी आणि कावळे तिचे तुकडे गावभर नेतात.

नंतर खुराडे रिकामे करा. जुना भुसा काढा. दाण्यांची व पाण्याची भांडी धुऊन उन्हात वाळवा. जमिनीवर चुना भुरभुरा आणि नवा भुसा पसरा. कारण कळेपर्यंत त्या कोंबड्यांची अंडी खाऊ अथवा विकू नका. कोणाच्याही सांगण्यावरून मनाने औषध देऊ नका.

उरलेल्या पाच

एक कोंबडी गेली, की उरलेल्यांचे वागणे बदलते. कळपात प्रत्येकीची एक जागा ठरलेली असते. कोण आधी दाणे टिपणार, कोण कोणाला चोच मारणार, याचा क्रम असतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली हा क्रम जगासमोर मांडला. विशेष म्हणजे त्यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून नोंदी ठेवल्या होत्या. मेलेली कोंबडी त्या क्रमात वरची असेल, तर उरलेल्यांत काही दिवस भांडणे होतात. काही कोंबड्या गप्प राहतात, अंडी कमी घालतात. आठ-पंधरा दिवसांत सर्व पूर्ववत होते. तोपर्यंत त्यांना नेहमीच्या वेळी दाणा-पाणी द्या. कोणी जखमी होत नाही ना, तेवढे पाहा.

नवी कोंबडी लगेच आणू नका. पुण्यात खडकी येथे सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे. बाजारातही पक्षी मिळतात. पण आधीचे कारण न कळता नवा पक्षी आणला, तर तोही दगावू शकतो. नवीन आणायच्या, तर निदान दोन आणा. एकटी असली, की सगळ्या तिलाच टोचतात. त्यांना तीन-चार आठवडे निराळ्या जागी ठेवा. आधी जुन्या कोंबड्यांना दाणे घाला, मग नव्यांना. नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकींना पाहू द्या. मग एका संध्याकाळी एकत्र करा.

घरातील कोणावर दोष टाकू नका. धाकट्या भावाने दाराची कडी लावली नसेल, तर त्याला रागावून कोंबडी परत येणार नाही. त्याच्याबरोबर बसून नवी कडी बसवा. एक वही करा. तीत रोज किती अंडी मिळाली, कोणी दाणे खाल्ले नाहीत, कोणाचा तुरा फिकट पडला, हे लिहा. रोज पाच मिनिटे नीट पाहिले, तर लपवलेला आजारही दिसू लागतो.

शब्दार्थ

खुराडे – कोंबड्यांचे घर
तुरा – कोंबडीच्या डोक्यावरील लाल भाग
घूस – मोठ्या उंदरासारखा प्राणी
दगावणे – मरणे
शवविच्छेदन – मृत शरीर उघडून केलेली तपासणी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राणीखेत रोगाला मानमोडी का म्हणतात?
(आ) कोंबडी आपला आजार का लपवते?
२. मेलेली कोंबडी नदीत किंवा कचराकुंडीत का टाकू नये?
३. लस देताना गल्लीतील लोकांनी एकत्र का यावे?
४. तुमच्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करा आणि रोज तीन वाक्ये लिहा.