गोड घास आणि मनाची बोचणी

मराठीत 'मन खाणे' असा एक वाक्प्रचार आहे. आपल्या हातून चूक झाली, आपण कोणाला दुखावले, की स्वस्थ वाटत नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. अशा वेळी 'माझे मन मला खात आहे' असे म्हणतात. उर्दूत आपण याला पशेमानी म्हणतो. चूक झाल्यावर मन खात असेल, तर ते चांगलेच आहे. त्यामुळे माणूस सुधारतो. पण ईदच्या दिवशी वाटीभर शीरखुर्मा खाल्ला, म्हणून दिवसभर मन खात राहिले तर?

असे अनेक मुलामुलींच्या बाबतीत घडते. 'अगं, किती जाड झालीस!' असे कोणी सहज बोलून जाते. ते वाक्य मनात घर करते. मग समोर वाटी आली, की जिभेला पाणी सुटते आणि मनाला भीती वाटते. वाटी संपते, पण गोडी लागत नाही. 'आता माझे वजन वाढणार' हाच विचार डोक्यात घोळतो. ही भीती कितपत खरी आहे, ते आपण हिशेब करून पाहू.

अन्नातून शरीराला जी ऊर्जा मिळते, ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून ९. आता शीरखुर्म्याची एक मध्यम वाटी घ्या. त्यातील दुधाचे सुमारे १००, तीन चमचे साखरेचे ६०, चमचाभर तुपाचे ४५, शेवयांचे ३५ आणि खजूर, बदाम, पिस्ते यांचे ५० ते ६० उष्मांक धरा. बेरीज होते जवळपास ३००. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० उष्मांक लागतात. त्या वयाच्या मुलाला त्याहून थोडे अधिक लागतात.

शरीरात एक किलो चरबी साठायची असेल, तर सुमारे ७७०० उष्मांक जास्तीचे व्हावे लागतात. म्हणजे ती वाटी पूर्णपणे जास्तीची ठरली, तरी तिच्यामुळे साठणारी चरबी ४० ग्रॅमच्या आतच राहील. कोंबडीचे एक अंडेसुद्धा याहून जड असते.

यावर तुम्ही विचाराल, 'मग ईदच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर एक किलो वजन जास्त कसे दिसते?' ती एक किलो चरबी नसते. बिर्याणी, कबाब, समोसे यांत मीठ जास्त असते. मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवते. शिवाय पोटात न पचलेले अन्न असते. दोन-तीन दिवस नेहमीसारखे खाल्ले, की काटा बहुधा पूर्वीच्या जागी येतो. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करून घाबरू नये.

मग वजन वाढते ते कशाने? मराठीत म्हण आहे, 'थेंबे थेंबे तळे साचे.' वजनाचेही तसेच आहे. ते एका दिवसाच्या सणाने वाढत नाही, रोजच्या सवयीने वाढते. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते. ती पिऊन पोट भरत नाही, म्हणून जेवणही कमी होत नाही. चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेतली आणि दिवसात तीन कप चहा घेतला, की आणखी सहा चमचे झाले. शाळा सुटल्यावरचा वडापाव, टीव्ही किंवा मोबाइल पाहता पाहता संपणारे वेफर्सचे पाकीट, यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एक सल्ला दिला. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या भागापेक्षा कमी असावी आणि विसाव्या भागापेक्षा कमी असेल तर अधिक चांगले, असा तो सल्ला आहे. २४०० उष्मांकांच्या हिशेबाने पहिली मर्यादा बारा चमच्यांची आणि दुसरी सहा चमच्यांची होते. एक बाटली आणि तीन कप चहा यांतच बारा चमचे संपले! वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या शीरखुर्म्याला आपण दोष देतो आणि रोजच्या बाटलीला सोडून देतो.

आता मनाच्या बोचणीकडे वळू. या बोचणीमुळे वजन कमी होते का? बहुधा उलटेच घडते. गोड खाल्ले म्हणून मुलगी रात्री जेवत नाही. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आणते. संध्याकाळपर्यंत भूक अनावर होते. मग हाताला लागेल ते ती भराभर खाते आणि पुन्हा मन खाऊ लागते. असे हे चक्र फिरत राहते.

भुकेचा मनावर काय परिणाम होतो, हे एका प्रसिद्ध प्रयोगात दिसून आले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी तो सुरू केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सुदृढ कसे करावे, हे त्यांना शोधायचे होते. ३६ निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले. सुमारे सहा महिने त्यांना जवळजवळ निम्मेच अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याबरोबर ते उदास आणि चिडचिडे झाले. दिवसरात्र ते अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुढे मनसोक्त खाण्याची मुभा मिळाली, तेव्हा काहींनी अफाट खाल्ले, तरी त्यांचे समाधान होईना. धडधाकट तरुणांची ही गत झाली. म्हणून उपाशी राहून पुढे जास्त खाल्ले जाते, तो मनाचा दुबळेपणा नव्हे. शरीर आपली गरज सांगत असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रोजा ठेवणे वेगळे आणि शरीराला शिक्षा म्हणून उपाशी राहणे वेगळे. रोजा इबादत म्हणून ठेवतात. शिक्षेचा उपवास भीतीतून होतो आणि तो कोठे थांबवायचा, हे कळत नाही.

तुमचे वय वाढीचे आहे. या वयात उंची वाढते, हाडे मजबूत होतात, शरीर बदलते. त्यामुळे वजन वाढणे हे स्वाभाविकच आहे. जेवण टाळल्याने मोठे नुकसान होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा वेळी जेवणाचे ताट दूर सारणे किती धोक्याचे आहे, ते तुम्हीच ठरवा. आपले वजन योग्य आहे की नाही, हे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे पाहून ठरत नाही. डॉक्टर वय, उंची आणि वजन यांचा एकत्र विचार करतात. शंका असेल, तर त्यांनाच विचारावे.

मग गोड खावे तरी कसे? जेवण चुकवून दावतीला जाऊ नका. फार भूक लागली, की प्रमाण राहत नाही. लहान वाटी घ्या. बसून, सावकाश, चव घेत खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ईदला चार घरी जायचे असेल, तर प्रत्येक घरी दोन-तीन चमचेच घ्या. खालांनी आग्रह केला, तर 'खालाजान, फार छान झाला आहे, पण आता पुरे,' असे अदबीने सांगा. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये,' ही म्हण अशा वेळी आठवा. त्यानंतरचे जेवण मात्र टाळू नका. डाळ, भाजी, भाकरी नेहमीप्रमाणे खा. रोज तासभर खेळा, दोरीवरच्या उड्या मारा किंवा भरभर चाला. पण हे आनंदासाठी करा, खाल्ल्याचा दंड म्हणून करू नका. मधुमेहासारख्या आजारामुळे डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल, तर ते अवश्य पाळा.

कधी कधी ही भीती फार वाढते. कोणी जेवणच सोडते. कोणी लपून खाते, तर कोणी खाल्लेले मुद्दाम ओकून टाकते. आपल्या किंवा मैत्रिणीच्या बाबतीत असे होत असेल, तर अम्मी-अब्बांना, आपांना किंवा शिक्षकांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. तो आजार आहे, गुन्हा नाही. तापाचे औषध घेताना आपण लाजत नाही, मग येथे का लाजावे? आणि वर्गात कोणाला 'जाड्या', 'हत्ती' म्हणून चिडवू नका. चिडवणारा क्षणात विसरतो, पण ऐकणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मन खायचेच असेल, तर अशा शब्दांबद्दल खाऊ द्या.

आता एक काम करा. एक आठवडाभर वहीत रोज लिहा : आज चहा, थंड पेय आणि बिस्किटे यांतून अंदाजे किती चमचे साखर पोटात गेली, आणि किती वेळ खेळलो. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. कोणती सवय बदलायची, हे तुमचे तुम्हालाच समजेल. ती एक सवय बदला आणि पुढच्या ईदला शीरखुर्म्याची वाटी हसतमुखाने हाती घ्या.