नवजात बालकाचे शयनस्थान : शास्त्रविचार आणि घरातील व्यवहार

बाळंतीण घरी आली की तिचा आहार, शेक व अभ्यंग यांविषयी वैद्यांस अनेक प्रश्न विचारले जातात. बाळास रात्री निजवावे कोठे, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. कारण त्याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांनी आधीच ठरविलेले असते. वस्तुतः पहिल्या तीन महिन्यांत बालक दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास निद्रेत असते. ज्या जागी त्याचा एवढा काळ जातो, त्या जागेचा विचार हा कुमारपरिचर्येचाच भाग होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील मोहाडी तालुक्याची घरे व तेथील ऋतुमान डोळ्यांपुढे ठेवून हा विषय येथे मांडीत आहोत.

शास्त्रातील कुमारागार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन येते. ते गृह दृढ असावे, अंधारे नसावे, निवात असावे, परंतु त्याचा एक भाग वायुसंचार होईल असा मोकळा असावा. उंदीर, कीटक व दंश करणारे प्राणी यांपासून ते मुक्त असावे, आणि शय्या व आच्छादने ऋतूस अनुकूल असावीत, असा त्याचा आशय आहे. शय्या व पांघरुणे मृदू, हलकी, शुचि व सुगंधी असावीत. घाम, मलमूत्र वा कीटक यांनी दूषित झालेली टाकून द्यावीत. नवी मिळणे शक्य नसेल तर तीच उत्तम धुऊन, वाळवून व धुपवून वापरावीत, असेही तेथे सांगितले आहे.

या वर्णनातील 'निवात' हा एकच शब्द घराघरांत पोहोचला आणि वायुसंचाराचा शब्द मागे राहिला, असे आम्हांस वाटते. त्यामुळे खिडक्यांच्या फटींत कापडे कोंबून, दार लावून बाळंतिणीची खोली कोंदट केली जाते. झोताचा वारा अंगावर येऊ नये आणि हवा मात्र खेळती राहावी, हे दोन्ही एकाच वेळी साधणे हा शास्त्राचा अभिप्राय आहे.

धूपन कशाचे?

धूपनाविषयीही असाच गैरसमज रूढ आहे. यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये घृतासह वापरून करावयाचे धूपन चरकाने वस्त्रे, शय्या, आस्तरणे व प्रावरणे यांच्यासाठी सांगितले आहे. निजलेल्या बालकाच्या नाकाशी धुराचे भांडे आणण्याचा तेथे उल्लेख नाही. नवजाताचा श्वास मिनिटास चाळीस ते साठ इतका जलद असतो व त्याचे श्वसनमार्ग अतिशय अरुंद असतात. म्हणून अंथरूण-पांघरूण वेगळ्या खोलीत वा अंगणात धुपवावे, धूर पूर्ण ओसरू द्यावा आणि मगच ते बाळाखाली घालावे.

सूतिकागारात अग्नी सतत असावा असे त्याच अध्यायात वर्णन आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल व तो रास्त आहे. तथापि सिमेंटच्या लहान खोलीत, दारे-खिडक्या लावून, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून माय-लेकरू रात्रभर निजणे ही गोष्ट निराळी आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही. तो निद्रेतच प्राण घेतो. शेक द्यावा, परंतु जागेपणी व दार उघडे ठेवून. निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे.

उताणे आणि सपाट

एका बाबतीत मात्र आधुनिक संशोधनाने आपल्या ज्ञानात मोलाची भर घातली आहे. वरवर निरोगी दिसणारे बालक निद्रेत अकस्मात दगावते, यास आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात. पालथे निजविल्याने हा धोका वाढतो असे दिसून आल्यावर ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस व अमेरिकेत १९९४ पासून बाळास उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. उताण्या बाळाच्या घशात दूध अडकेल ही आजीची भीती स्वाभाविक आहे. परंतु उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासमार्गात उतरण्याची शक्यता पालथ्या स्थितीपेक्षा कमीच असते. एका वर्षापर्यंत प्रत्येक झोपेस बाळास उताणेच निजवावे. पुढे ते आपणहून कुशीवर वा पालथे वळू लागले व परतही वळू लागले, तर पुन्हापुन्हा फिरविण्याचे कारण नाही. घट्ट गुंडाळण्याची सवय मात्र बाळ वळण्याचा प्रयत्न करू लागताच सोडावी.

मग 'मृदू' शय्येचे काय? आमच्या मते मृदुत्व हे स्पर्शाचे आहे, खोलीचे नव्हे. जुन्या लुगड्याचे धुतलेले दुपटे मृदूच असते. पण त्याखालील पृष्ठभाग घट्ट व सपाट हवा. बाळाचे तोंड रुतेल अशी गादी, कापसाची उशी व डोक्यावरून घसरणारी जाड गोधडी ही श्वासास अडथळा करतात. कापडाच्या झोळीत बाळाची मान दुमडून हनुवटी छातीस टेकते. म्हणून झोळी ही जागेपणी, नजरेसमोर झुलविण्यापुरती ठेवावी, रात्रीची शय्या म्हणून नव्हे. ताईत, काळा दोरा वा वेखंडाचा खडा गळ्यात असल्यास निजविताना काढून ठेवावा.

मातेजवळ, परंतु स्वतंत्र जागी

बाळ मातेच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, परंतु स्वतंत्र पृष्ठभागावर निजावे. निदान पहिले सहा महिने तरी हा क्रम ठेवावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०२२ मधील मार्गदर्शन सांगते. यामुळे स्तनपान सुलभ होते व बाळात झालेला बदल मातेच्या त्वरित लक्षात येतो. मातेच्या बाजेस लागून ठेवलेली लहान, ताणून घट्ट केलेली बाज किंवा सपाट तळाचा पाळणा यास पुरेसा आहे.

ज्या घरात दुसरी बाज नाही, तेथे केवळ निषेध करून भागत नाही. अशा घरी बाळास मातेच्या एका बाजूस ठेवावे, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नव्हे. भावंडांस त्या बाजेवर निजवू नये. बाज व भिंत यांत फट ठेवू नये. आईची गोधडी बाळावर येऊ देऊ नये. घरात बिडी ओढणारे कोणी असल्यास, मातापित्यांपैकी कोणी मद्य वा झोप आणणारे औषध घेतले असल्यास, किंवा बाळ कमी वजनाचे वा अपुऱ्या दिवसांचे असल्यास एकत्र निजणे विशेष धोक्याचे ठरते. भंडारा-गोंदियाचा हा प्रदेश बिडी व्यवसायाचा असल्याने ही सूचना येथे अधिकच लागू पडते. तंबाखू ठेवलेल्या व बिड्या वळण्याच्या खोलीतही बाळ निजवू नये.

तीन ऋतू

उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तेव्हा बाळास एकच सुती झबले पुरे. कूलरचा झोत थेट अंगावर नसावा व डोके झाकू नये. मानेस घाम आणि छाती तप्त लागणे हे अतिउष्णतेचे लक्षण समजावे.

पावसाळ्यात धानाच्या बांध्यांलगतच्या घरांत जमिनीवर निजणे टाळावे. मण्यार हा साप रात्री घरात शिरतो व जमिनीवर निजलेल्यांस दंश करतो. दंश अनेकदा जाणवतही नाही. बाजेवर, चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी ही डास व साप या दोहोंपासून रक्षण करते. कुमारागार दंश करणाऱ्या प्राण्यांपासून मुक्त असावे, या वचनाचा हाच आजचा अर्थ होय.

हिवाळ्यात शीतबाधेचे भय असते. पोट उष्ण पण तळपाय गार लागले तर बाळ गारठू लागले असे जाणावे; त्यास मातेच्या उघड्या छातीशी त्वचेस त्वचा लावून, वरून झाकून धरावे. कमी वजनाच्या बालकासाठी हा उपाय जन्मापासूनच करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. विदर्भातच गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात-सेवा दिली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होता. बाळास उबदार ठेवणे हा त्या सेवेचा एक घटक होता. आशा कार्यकर्त्या २०११ पासून देशभर ज्या गृहभेटी देतात, त्यांत ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीच्या भेटी येतात. वैद्यांचा सल्ला व आशाताईंचा सल्ला एकच असेल, तर घरातील वडीलधारी तो अधिक सहज मानतील.

औषधालयाचे कर्तव्य

बाळंतिणीच्या घरचे माणूस वैद्याआधी औषधालयाच्या पायरीवर येते. म्हणून औषधालय चालकांस आमची विनंती आहे की, धूपनद्रव्याच्या पुडीवर 'अंथरूण व वस्त्रे यांसाठी. बाळ खोलीत असताना वापरू नये' एवढे छापावे. डासांच्या अगरबत्तीऐवजी प्रथम मच्छरदाणी सुचवावी. डोक्यास गोल आकार येण्यासाठी मोहरीची उशी मागितली गेली, तर निजविताना बाळाचे डोके आळीपाळीने दोन्ही बाजूंस वळवावे आणि जागेपणी, नजरेसमोर, त्यास थोडा वेळ पालथे ठेवावे, हा विनामूल्य उपाय सांगावा. उशीची विक्री बुडेल, परंतु ग्राहकाचा विश्वास वाढेल.

बाळ अंगावर पिईनासे झाले, मलूल वा गार पडले, किंवा त्याचा श्वास मिनिटास साठाहून अधिक चालू लागला, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. घट्ट व सपाट शय्या, उताणी स्थिती, मातेचे सान्निध्य, निर्धूर व खेळती हवा ही चार सूत्रे प्रत्येक वैद्याने प्रसूतीपूर्वीच, सातव्या-आठव्या महिन्यात, गर्भिणीस व तिच्या सासू-आईस एकत्र बसवून सांगावीत. बाळ घरी येण्यापूर्वी त्याची जागा ठरलेली असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.